कंबरदुखी : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : माझे वय ४४ असून मी बँकेत रोखपाल आहे. दोन महिन्यांपासून कंबर दुखते. पायात कळ मात्र जात नाही. एमआरआयच्या अहवालात ‘एल ४-एल ५ डिस्क बल्ज’ असे लिहिले आहे. यापुढे वाकायचे नाही आणि पट्टा कायम लावायचा, असे नातेवाईक सांगतात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : अहवालातील हे शब्द वाटतात तितके भीतिदायक नाहीत. कमरेच्या पाच मणक्यांमधील चकत्यांपैकी सर्वांत खालच्या दोन चकत्यांवर अधिक भार येतो, आणि वयोमानाप्रमाणे पाण्याचा अंश घटत गेला की त्या थोड्या बाहेर फुगतात. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकतीचा असा फुगवटा म्हणजेच ‘एल ४-एल ५ डिस्क बल्ज’. ज्यांना कंबरदुखी नव्हती अशा ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा चाळिशीच्या सुमारे ५० टक्के व्यक्तींमध्ये हाच फुगवटा आढळला. त्यामुळे आपले दुखणे त्या फुगवट्यामुळेच आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे एवढे समजावून न सांगता रुग्णाच्या हाती अहवाल ठेवण्याची पद्धत मला घातक वाटते, कारण त्यानंतर माणूस आपली कंबर काचेची असल्यासारखा वावरू लागतो.

सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये वेदनेचे एकच एक नेमके कारण सापडत नाही. स्नायू, अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या), मणक्यांचे छोटे सांधे, तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे, वाढलेले वजन, धूम्रपान, अपुरी झोप आणि मनावरचा ताण यांपैकी अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पट्ट्याने दुखणे टळते, असा पुरावा नाही. नियमित व्यायामाने टळते, असा आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या काही जणांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेण्यात आले. दुखणे उलटण्यापूर्वीचा काळ त्यांच्यात २०८ दिवस, तर इतरांत ११२ दिवस भरला. आपणही चालण्यापासूनच सुरुवात करावी, वाकणे सोडू नये आणि काउंटरवर दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून उभे राहावे.

मात्र जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली अथवा नकळत होऊ लागली, किंवा पायातील शक्ती कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, घटते वजन आणि रात्री वाढणारी वेदना असेल, तर मणक्याच्या क्षयाची (टीबीची) तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे तो आजही आढळतो.

प्रश्न : आम्ही भातशेती करतो. दरवर्षी लावणीच्या दिवसांत माझी व जावेची कंबर धरते. उपाय सुचवावा.
– एक वाचिका, माणगाव

उत्तर : ओणव्याने दीर्घकाळ काम केल्यावर पाठीचे अस्थिबंध सैलावतात आणि स्नायूंची त्यांना मिळणारी साथ मंदावते. अशा वेळी लगेच रोपांच्या मुठींचा भारा उचलला, तर उसण भरण्याचा धोका वाढतो. म्हणून भाऱ्याला हात घालण्यापूर्वी एक-दोन मिनिटे सरळ उभे राहावे, हात कमरेवर ठेवून हलकेच मागे झुकावे आणि भारा अंगाजवळ धरून उचलावा. रात्रभरात चकत्या पाणी शोषून ताठरतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर खोल वाकण्याचे काम टाळता आले तर उत्तम. तरीही दिवसभर चिखलात ओणवे राहावे लागणाऱ्या बाईला निव्वळ व्यायाम सांगणे मला अपुरे वाटते; खरा प्रतिबंध काम बदलण्यात आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, नेरळ येथे विकसित झालेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यांवर थेट भात टोकले जाते. चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात. आपल्या जमिनीला ते मानवेल का, हे कृषी सहायकांना विचारून पाहावे.

प्रश्न : कंबरदुखीसाठी फळीवर झोपावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आवश्यक नाही. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक उपयुक्त ठरली. मात्र फळी आपल्या अंगवळणी पडली असेल आणि सकाळी कंबर ठणकत नसेल, तर केवळ या उत्तरासाठी नवी गादी विकत घेऊ नये.