दुपारी सोलर बंद, रात्री दिवे मंद

प्रश्न: आमची कोथरूडला जुनी सोसायटी आहे, गच्चीवर २० किलोवॉटचं सोलर. उन्हाळा लागल्यापासून भर दुपारी इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' दाखवून बंद पडतो आणि रात्री चार-पाच गाड्या चार्जिंगला लागल्या की पार्किंगमधले दिवे मंद होतात. आता मीटिंगमध्ये ईव्ही चार्जिंगच बंद करा म्हणतायत. खरंच गाड्यांमुळे होतंय का?

उत्तर: बंदी अजिबात घालू नका, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे, डीपीपासून (रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्यापर्यंत आलेली केबल. रात्री करंट तिच्यातून तुमच्याकडे येतो तेव्हा वाटेत व्होल्टेज पडतं, दुपारी सगळे कामावर गेलेले असतात, सोलरची वीज उलटी डीपीकडे जाते आणि मग तुमच्या टोकाला व्होल्टेज चढतं. आपलं व्होल्टेज २३०, ते २५३ च्या आसपास गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, तो बिघडलेला नाहीये. ही मर्यादा इन्स्टॉलरला वाढवायला सांगू नका प्लीज, ते चढलेलं व्होल्टेज सगळ्यांच्या फ्रिज-टीव्हीला सोसावं लागतं.

आता गाड्या. ३.३ किलोवॉटचा चार्जर साधारण १४ अँपिअर घेतो, ७.२ वाला ३१, आणि गिझरसारखा पंधरा मिनिटं नाही तर तासन् तास. पार्किंगचे सगळे पॉइंट एकाच फेजवर टाकले असतील (जुन्या सोसायट्यांत हे फार बघायला मिळतं) तर तीच फेज दबते. रात्री नऊला इलेक्ट्रिशियनकडून तिन्ही फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) यांतला करंट क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या मीटरने) मोजून घ्या. न्यूट्रल विसरू नका. स्वस्त चार्जर करंटचा आकार बिघडवतात, त्यातले तिसरे हार्मोनिक (मूळच्या तिप्पट वेगाने बदलणारे करंट) तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये आले की नेहमीच्या करंटसारखे एकमेकांना कापत नाहीत, उलट बेरीज होते, आणि सैल जॉइंट असेल तर तो तापून जळतो. न्यूट्रल तुटला तर काही घरांत व्होल्टेज एकदम चढतं, ते खरं धोक्याचं.

पॉइंट तिन्ही फेजवर वाटून द्या. रिटायर्ड मंडळींच्या स्कूटर, रविवारी घरी असलेल्या गाड्या दुपारी अकरा ते तीन चार्ज करा, म्हणजे सोलरची वीज तिथेच खपेल, व्होल्टेजही चढणार नाही आणि रात्रीचा भारही हलका होईल. बाकीच्यांनी रात्री पाळी लावा.

एक टेस्ट मात्र आधी करा, दुपारी सोलरचा एमसीबी पाडून व्होल्टेज बघा. तरीही २४५-२५० दिसलं तर डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची खूण) वर लावलेला असू शकतो, मग तारीख-वेळ टाकून रीडिंग वीज कंपनीला लेखी द्या.