सासूबाईंची भाची की पुण्याची आर्टिस्ट?

ताई,
फेब्रुवारीत साताऱ्यात माझं लग्न आहे. मी सावळी आहे. साखरपुड्याला सासूबाईंच्या भाचीनं माझा मेकअप केला, तिचं पार्लर आहे. फोटोत चेहरा पांढराफटक आणि मान, हात वेगळेच. सासूबाई मात्र खूश, "किती उजळ दिसतेय!" लग्नालाही तीच करणार, तेही फुकट, असं त्यांनी धरूनच चाललंय. साडी ती छान नेसवते, पण मेकअप मला नकोय. मला इन्स्टावरची पुण्याची एक आर्टिस्ट आवडलीय, 22 हजार सांगते. आई म्हणते, आत्तापासूनच कशाला वाकड्यात शिरतेस? मी हट्टीपणा करतेय का?
– एक नवरी

नाही गं, हा कसला हट्ट? लग्नाच्या फोटोत आपण आपल्यासारखं दिसावं, एवढंच तर मागतेयस.

भाचीलाही फार दोष देऊ नकोस. "नवरी उजळ दिसली पाहिजे" हे फर्मान तिनं जन्मभर ऐकलं असणार, बहुधा तुझ्या सासूबाईंच्याच तोंडून. मग ती तुझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ फाउंडेशन घेते. सावळ्या त्वचेत बहुतेकदा पिवळसर, सोनेरी झाक असते. त्यावर फिकट गुलाबी बेस चढवला की चेहरा उजळत नाही, राखाडी पडतो. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन वा पावडर जास्त लागली असेल, तर फ्लॅश पडताक्षणी चेहरा पांढरा मारतो. आरशात सगळं ठीक आणि अल्बममध्ये भूत, ते यामुळेच.

पण पुण्याच्या बाईंवरही लगेच भाळू नकोस. त्यांच्या पानावर सावळ्या नवऱ्या किती आहेत, ते आधी बघ. आहेत त्या सावळ्याच राहिल्यात की गोऱ्या झाल्यात? फिल्टर न लावलेला, खिडकीच्या उजेडातला, मान आणि कान दिसतील असा व्हिडिओ माग. द्यायला कां-कू केली की समजून जा.

मग ट्रायल. पैसे पडले तरी कर, आणि ती दिवसा कर. शेड मनगटावर नाही, जबड्यापाशी लावून बघायची आणि दारात, उन्हात जाऊन बघायची. लग्नातल्या साडीच्या रंगाचं काहीतरी अंगावर घे. नथ घाल, कपाळाला मुंडावळ्या बांध. मुंडावळ्यांची दोरी कपाळावर घासते आणि बरोबर तिथलाच बेस निघतो. नथीचा मोती ओठांवर टेकत असेल तर लिपस्टिक पसरते. फ्लॅश लावून फोटो काढ आणि चार-पाच तास चेहरा धुऊ नकोस. होमाच्या धुरात डोळे चुरचुरणार, पाठवणीला रडू येणार, त्यामुळे काजळ-मस्कारा वॉटरप्रूफच हवा. पापण्यांचा गोंद दोन दिवस आधी कानामागे लावून बघ, खाज सुटली तर बदलता येतो. आणि आदल्या दिवशी हळद आहे हे त्यांना आवर्जून सांग. हळदीनं त्वचा पिवळी होते, ट्रायलची शेड त्या सकाळी तशीच बसेल असं नाही.

22 हजारांत काय काय येतं, तेही विचार. केस धरलेत का? नऊवारी बदलून शालू नेसलीस की टचअपला त्या थांबणार का, की तोवर निघून गेलेल्या? स्वतः येणार की मदतनीस पाठवणार? पुणे ते सातारा शंभराहून जास्त किलोमीटर, मध्ये खंबाटकी घाट. मुहूर्त दुपारचा असला तरी गौरीहराला बसायच्या आत तू तयार हवीस, म्हणजे त्यांना आदल्या रात्री मुक्कामाला यावं लागेल. त्याचा खर्च कोणाकडे, हे ॲडव्हान्स द्यायच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घे. खरं सांगू, मी असते तर आधी साताऱ्यात आणि कराडात दोन-तीन जणींकडे चौकशी केली असती. चांगला हात पुण्यातच असतो असं थोडंच आहे.

आता सासूबाई. हे बोलणं तू करायचं नाहीस, आईनंही नाही. होणाऱ्या नवऱ्याला करू दे. साखरपुड्याचा फोटो त्याच्यासमोर धर आणि विचार, "ही मी वाटतेय का?" तो काय म्हणतो ते नीट ऐक, माझ्या मते मेकअपवालीपेक्षा ते उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. घरात त्यानं एवढंच सांगायचं, "मेकअपचं तिनं ठरवलंय, पण साडी मात्र तुझी भाचीच नेसवणार." नऊवारीचा काष्टा नीट बसवणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही, त्यामुळे भाचीचा मान राहील आणि तुझाही फायदाच. त्याचे पैसे मात्र पाकिटात घालून तिच्या हातात दे. फुकटातलं काम नात्यात फार महाग पडतं, वर त्यात चूकही काढता येत नाही.

एवढं करूनही कोणी "जरा उजळ कर गं" म्हणत मेकअपच्या खोलीत शिरलंच, तर दाराशी एक खमकी मैत्रीण बसव. आर्टिस्टलाही आधीच सांगून ठेव, की शेडबद्दल फक्त तुझंच ऐकायचं.

– ताई

ता. क. रंग गडद यावा म्हणून कोणी काळी मेंदी सुचवेल. घेऊ नकोस. तिच्यात बऱ्याचदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं आणि त्यानं हातावर फोड येऊ शकतात. आणि ब्लीच, नवीन फेशियल वगैरे प्रयोग शेवटच्या आठवड्यात बंद.