प्रश्नोत्तरे : आकडे, डाग आणि पॅप स्मिअर

प्रश्न : बायकांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त कोणता आढळतो?

गर्भाशयमुखाचा. २०२२ च्या अंदाजानुसार जगभरात त्याच्या सुमारे ६ लाख ६० हजार नव्या रुग्ण होत्या, गर्भाशयाच्या कॅन्सरच्या सव्वाचार लाखांच्या आसपास आणि अंडाशयाच्या सव्वातीन लाखांच्या आसपास. योनिमार्ग आणि बाह्य भागाचे कॅन्सर त्या मानाने विरळाच. मृत्यूंचा हिशेब मात्र वेगळा निघतो. अंडाशयाच्या कॅन्सरने त्याच वर्षी दोन लाखांवर बायका गेल्या, गर्भाशयाच्या कॅन्सरने लाखाच्या आत. गर्भाशयाचा कॅन्सर रक्तस्रावातून लवकर वर्दी देतो, अंडाशयाचा बहुधा पोटात पसरेपर्यंत गप्प असतो.

प्रश्न : पाळी जाऊन सहा वर्षं झाली. महिन्याभरात दोनदा हलका डाग दिसला. दुखत काहीच नाही. थोडं थांबून पाहू का?

थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. अशा दहाजणींपैकी साधारण नऊजणींमध्ये कॅन्सर नसतोच. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुकलेलं असतं किंवा एखादा पॉलिप, म्हणजे छोटी मांसल वाढ, निघते. पण ज्यांना गर्भाशयाचा कॅन्सर होतो, त्यांच्यापैकी बहुतेकींना पहिली खूण हीच दिसते, आणि तीही न दुखता. ‘दुखत नाही ना, मग असू दे’ म्हणत वर्ष काढणाऱ्या बायकांची मला खरी काळजी वाटते. डॉक्टर आतून तपासतील, योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना घेऊन बायोप्सीला पाठवतात. त्यासाठी बहुतेक वेळा भूलही लागत नाही. वजन जास्त असेल तर अजिबात रेंगाळू नका, कारण पाळी गेल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होत राहतं आणि अस्तर वाढवतं.

प्रश्न : पॅप स्मिअर नॉर्मल आली. म्हणजे अंडाशयाचीही काळजी मिटली ना?

नाही, पॅप स्मिअरमध्ये गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासतात, त्यामुळे ती तपासणी तेवढ्यापुरतीच. अंडाशयासाठी निरोगी बाईला करून उपयोग होईल अशी चाळणी चाचणी (स्क्रीनिंग) आजही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी वापरून पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे ‘फुल बॉडी चेकअप’मधल्या सीए-१२५ वर भिस्त ठेवू नका. पोट सतत फुगतंय, दोन घासांत भरतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, आणि हे दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज चाललंय, तर दाखवा. आई किंवा बहिणीला अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर बीआरसीए जनुकांच्या (यांतला दोष घराण्यातून येऊन हा धोका वाढवतो) तपासणीबद्दल विचारा.

प्रश्न : माझी एचपीव्ही पॉझिटिव्ह आली. नवऱ्यावर संशय घ्यावा का?

त्यावरून नाही. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू शरीरसंबंधातून येतो खरा, पण तो वर्षानुवर्षं दडून राहू शकतो, त्यामुळे कधी आणि कुणाकडून आला हे सांगता येत नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत जातोही. तुमची पुढची तपासणी मात्र डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच करा.