संबंधी सर्वनाम केव्हा गाळावे?

प्रश्न : ‘द बुक व्हिच आय बॉट’मधील ‘व्हिच’ शिक्षकांनी खोडले, ‘द शॉप व्हिच सेल्स ओल्ड बुक्स’मधील मात्र ठेवले. असे का?
– एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : पहिल्या रचनेत ‘आय’ हा कर्ता असून ‘व्हिच’ कर्म आहे, आणि कर्म असलेले संबंधी सर्वनाम गाळले तरी अर्थाला धक्का लागत नाही; ठेवले तर ती चूक नव्हे, पण वाक्य जड होते. दुसऱ्या रचनेत ‘व्हिच’ हाच ‘सेल्स’चा कर्ता असल्याने तो काढता येत नाही. सर्वनामाला लागून क्रियापद आले की ते ठेवावे, ही खूण हाताशी असू द्या. ‘द बॉय हू इज स्टँडिंग देअर’मधून ‘हू इज’ हे दोन्ही मिळून मात्र खुशाल जातात. स्वल्पविरामांमध्ये दिलेल्या जादा माहितीत, उदाहरणार्थ ‘शनिवारवाडा, व्हिच वी सॉ यस्टर्डे, इज ह्यूज’, कर्म असूनही सर्वनाम गाळू नये.

‘द हाउस इन व्हिच ही लिव्ह्ज’ शुद्धच आहे; तरी ‘द हाउस ही लिव्ह्ज इन’ अधिक सहज वाटते. येथे शेवटचे ‘इन’ आपल्याकडून हमखास सुटते, कारण ‘तो राहतो ते घर’ म्हणताना मराठीत ‘त’ हा प्रत्यय उच्चारावाच लागत नाही.