मॉरिशसमध्ये १९९२ पर्यंत राणी कशी?

प्रश्न : कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी लोकांचे वंशज मॉरिशसमध्ये आहेत. त्यांच्यातल्या एका कुटुंबाशी आमची ओळख झाली. ते १२ मार्चला स्वातंत्र्य दिन आणि प्रजासत्ताक दिन एकत्रच साजरे करतात. पण स्वातंत्र्य १९६८चं नि प्रजासत्ताक १९९२चं. मधली चोवीस वर्षं देश इंग्रजांच्या ताब्यातच होता का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : नाही, मुळीच नाही. सत्ता १९६८ मध्येच हातात आली. शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्यही झाला. एलिझाबेथ राष्ट्रप्रमुख राहिल्या त्या मॉरिशसच्या राणी म्हणून. त्यांच्या वतीने काम पाहणारे गव्हर्नर जनरल सुरुवातीला ब्रिटिश होते, पुढे तिथलेच. खुद्द रामगुलाम अखेरच्या काळात त्या पदावर होते. १९८५ मध्ये पदावर असतानाच ते वारले.

आपणही यातून गेलो आहोत. २६ जानेवारी १९५० उजाडेपर्यंत सहावे जॉर्ज आपले राजे होते आणि राजाजी त्यांचे गव्हर्नर जनरल. नागरिकशास्त्र शिकवताना हा भाग मी कधीच घाईत उरकला नाही, कारण १९४७ मध्ये एका रात्रीत सगळं झालं असं मुलांना वाटत असे. आपली संविधान सभा आधीच कामाला लागली होती, म्हणून अडीच वर्षांत निभावलं. मॉरिशसला राज्यघटना स्वातंत्र्याबरोबर तयार मिळाली, आणि राणी तिच्यातच होती. शिवाय १९६७च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. स्वातंत्र्याच्या तोंडावर राजधानी पोर्ट लुईत दंगली पेटल्या. अशा वेळी राणीचा प्रश्न बाजूला ठेवला गेला, यात मला शहाणपणच दिसतं.

१९९० मध्ये प्रजासत्ताक होण्याचा प्रयत्न झाला, पण घटनादुरुस्तीला लागणारं संख्याबळ जमलं नाही. १९९१ मध्ये पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या आघाडीने निवडणूक जवळजवळ एकहाती जिंकली. डिसेंबरात दुरुस्ती मंजूर झाली आणि १२ मार्च १९९२ला शेवटचे गव्हर्नर जनरल वीरासामी रिंगाडू पहिले राष्ट्रपती झाले. काही महिन्यांतच त्यांच्या जागी कासम उतीम आले.

माणूस तोच, निवासस्थान तेच, मग फक्त पाटी बदलली असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. देशाचं सर्वोच्च पद जन्माने परक्या घराण्याकडे जाणं थांबलं आणि ते कुणाला द्यायचं हे तिथली संसद ठरवू लागली. हा बदल मोठाच आहे.

एक गोष्ट मात्र उरली. आपण प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, जाणारी अपिलं १९४९ मध्येच, म्हणजे प्रजासत्ताक होण्याआधीच बंद केली. मॉरिशसचं शेवटचं अपील आजही लंडनला जातं. छोट्या देशात सगळे एकमेकांना ओळखतात, तेव्हा बाहेरचे न्यायाधीश निःपक्ष राहतात, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो मला समजतो. तरी ही अपिलं पोर्ट लुईतच निकाली निघावीत, असं मला मनापासून वाटतं.