‘पश्चात्ताप करा’ : जो होतो, तो करायचा कसा?

एक शंका आली आहे. ‘पश्चात्ताप मला होतो; मी तो करत नाही. मग बायबलात “पश्चात्ताप करा” अशी थेट आज्ञा कशी? हे मराठी चुकलंय का, आणि त्याजागी “मनपरिवर्तन” चालेल का?’

शंका रास्त आहे. भूक लागते, आठवण येते, तसा मराठीत पश्चात्ताप होतो, आणि ज्याला होतो तो ‘मला’, ‘तिला’ असा उभा असतो, कर्ता म्हणून नव्हे. शब्दाची घडणही तशीच: पश्चात् + ताप, म्हणजे घडून गेल्यावर आत होणारी होरपळ. ती हुकमावर कशी होणार?

पण मत्तय ४:१७ मध्ये येशू ही आज्ञा देतो, तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदात ताप नाहीच. ‘मेतानोइया’ या नामात ‘मेता’ बदल सुचवतं आणि दुसरा भाग ‘नूस’, म्हणजे मन किंवा बुद्धी, याच्याशी जोडलेला आहे. विचाराची दिशाच बदलणं, असा त्याचा रोख. त्यामागे हिब्रू संदेष्ट्यांचा ‘शूव’ आहे, म्हणजे माघारी फिरणं. ‘फिर’ असं कुणालाही सांगता येतं. थोडक्यात, ‘करा’ मुळातून आलं आणि ‘ताप’ आपण घातला. सांधा दिसतो तो त्यामुळे. लॅटिनमध्ये याच आज्ञेचं भाषांतर ‘प्रायश्चित्त करा’ असंही वाचता येईल असं झालं होतं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या १५१७ सालच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच प्रबंध या आज्ञेवर आहे: विश्वासणाऱ्याचं अवघं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. ग्रीक क्रियापद चालू काळातलं आहे, एकदा करून मोकळं होण्याचं नाही, हेही त्याच्याशी जुळतं.

ताप आणि वळणं या दोन गोष्टी नव्या करारातच वेगळ्या आहेत. २ करिंथ ७:१० मध्ये देवाला अनुसरून झालेलं दुःख ‘मेतानोइया’ घडवतं, म्हणजे दुःख आधी, वळणं नंतर. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला आपल्या कृत्याचं वाईट वाटलं तिथे मत्तय ‘मेतानोइया’चं क्रियापद वापरतच नाही, हळहळण्याचं दुसरंच वापरतो (२७:३). होरपळले दोघेही, यहूदाही आणि येशूला ‘मी ओळखत नाही’ म्हणणारा शिष्य पेत्रही. पेत्र रडला आणि वळला.

आपल्या संतांचा ‘अनुताप’ मला इथे फार जवळचा वाटतो. एकनाथांच्या चिरंजीवपदात अनुतापाचं रूप सांगताना मागच्या चुकांची उजळणी नाही. मृत्यू नित्य जवळ आहे हे जाणून देहसुखाची ओढ सुटणं आहे. म्हणजे ‘ताप’ असलेला शब्दही पुढे पाहू शकतो. म्हणून ‘पश्चात्ताप’ चुकला असं मी म्हणणार नाही. चर्चच्या मराठीत त्याला ‘करा’ इतकं अंगवळणी पडलंय की तिथे तो स्वतंत्र अर्थाचा शब्द झाला आहे.

‘मनपरिवर्तन’ मुळाच्या जवळ जातो खरा, पण त्याची एक खोड आहे: ते आपण बहुधा दुसऱ्याचं करतो. ‘मनपरिवर्तन करा’ म्हटलं की ऐकणारा विचारणार, कुणाचं? ‘धर्मांतर’ तर नकोच. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, हीच आज्ञा इफिसच्या मंडळीला, म्हणजे आधीच ख्रिस्ती असलेल्यांना केली आहे.

गंमत अशी की रोमकरांस १२:२ मध्ये बरोबर उलट घडलं आहे. तिथे ‘मनाच्या नवीकरणाने’ स्वतःचं रूपांतर ‘होऊ द्या’ असं आहे, ‘करा’ नाही. ग्रीकमध्ये ते कर्मणी आज्ञार्थ आहे, करणारा दुसरा कुणीतरी आणि आपण त्याला आड येऊ नये असं. भाषांतरकाराला इथे दाद द्यायला हवी. ‘नूतनीकरण’ न घेतल्याबद्दलही. तो शब्द आता परवान्याचा झाला आहे आणि त्यात जुनंच पुढे चालू राहतं. इथल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘कायनोस’ आहे, म्हणजे गुणानेच नवं.

आणि हो, ‘पश्चाताप’ नव्हे. पश्चात् मधला त् आणि तापातला ता, दोन्ही लिहायचे.