अंगणासाठी सेन्सर घेताय? आधी जागा बघा

माणूस आला की आपोआप दिवा लावणारा हा तुमचा पहिलाच सेन्सर आहे ना, मग साधा पीआयआर घ्या, म्हणजे हलणाऱ्या अंगाची उष्णता टिपणारा. मायक्रोवेव्हवाला, म्हणजे लहरी सोडून हालचाल ओळखणारा, जास्त तेज असतो खरा, पण तो काच, प्लायवूड आणि पातळ भिंतीपलीकडचंही टिपतो. गल्लीतून रिक्षा गेली तरी तुमचा दिवा लागणार.

खोक्यावर आयपी६५ लिहिलंय का बघा; धूळ-पाणी किती अडतं ते हा आकडा सांगतो. आयपी४४ वळचणीखाली ठीक, कोकणातल्या आडव्या पावसात नको. वायर खालूनच आत घ्या, नाहीतर पाणी तिच्यावरून ओघळत थेट सर्किटवर.

खरा घोळ बसवताना होतो. बहुतेक जण सेन्सर फाटकाकडे तोंड करून लावतात. पीआयआर आडवी हालचाल पटकन पकडतो. सरळ समोरून येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. म्हणून वाटेच्या कडेला लावा, माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला पाहिजे. बाकी:

- उंची दोन ते अडीच मीटर.
- समोर एसीचं आउटडोअर युनिट किंवा हलणारी फांदी नको.
- दिवा सेन्सरच्या समोर नको. विझला की गार होताना तोच सेन्सरला चाळवतो आणि रात्रभर उघडझाप चालते.

विदर्भात मे महिन्यात पल्ला कमी झाला तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. भिंतीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ गेलं की पीआयआरला फरकच दिसत नाही.

दिवसा तपासताना लक्सचा स्क्रू (किती अंधार झाल्यावर दिवा लागावा ते ठरवणारा) सूर्याच्या खुणेकडे फिरवा, दिवा चालू राहण्याची वेळ सगळ्यात कमी ठेवा. वीज दिल्यावर पहिलं मिनिटभर तो मनाला येईल तसा वागतो, तेवढं थांबा.